पहिली सुरी घडवताना: वाचकांचे प्रश्न

हाताने सुरी घडवायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बरीच पत्रे हातोडा कसा चालवावा याबद्दल आहेत, पण त्यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ भट्टीत आहे, त्यामुळे उत्तरेही पुन्हा पुन्हा तिकडेच वळतात. तापमान सगळीकडे सेल्सियसमध्ये दिले आहे.

प्रश्न: बांधकामातून उरलेली सळई घरात पडून आहे. तिची पहिली सुरी घडवली तर चालेल का? नसेल तर कोणतं पोलाद घ्यावं?

सळईवर हात बसवून घ्या, पण तिची सुरी करू नका. पोलाद कडक होते ते कार्बनमुळे. बांधकामाच्या लोखंडात कार्बन साधारण ०.३ टक्क्यांपर्यंतच असतो. ते कितीही लाल करून तेलात बुडवले तरी धार टिकेल इतके कडक होत नाही. सुरीसाठी कार्बन किमान ०.६ टक्के हवा, ०.८ च्या आसपास असेल तर उत्तम.

नवशिक्याने डोळे मिटून १०८४ क्रमांकाचे पोलाद घ्यावे. या क्रमांकातले शेवटचे दोन अंक कार्बन सांगतात, म्हणजे सुमारे ०.८४ टक्के. एवढ्या प्रमाणात कार्बन ८१५ अंशांच्या आसपास पोलादात झटकन विरघळतो, त्या तापमानाला पाते बराच वेळ धरून ठेवावे लागत नाही. साध्या भट्टीत तापमान तासभर काय, पाच मिनिटेही एकाच जागी थांबत नाही, म्हणून हा गुण फार मोलाचा. कार्बन जास्त म्हणून पुष्कळजण १०९५ च्या मागे लागतात. त्यात मँगनीज कमी असल्याने ते फार वेगाने थंड करावे लागते. साध्या खाद्यतेलात ते अनेकदा अर्धवटच कडक होते आणि दोष मात्र हातोड्याला दिला जातो. जाड, दणकट सुरी हवी असेल तर क्रोमियम असलेले ५१६० घ्या. ते तेलात सावकाश थंड झाले तरी कडक होते.

भंगारातून घ्यायचेच असेल तर गाडीचा कमानपाटा किंवा जुनी कानस बघा. कमानपाटा बहुतेक वेळा ५१६० किंवा त्याच जातीचा असतो, पण खात्री देता येत नाही. शिवाय वर्षानुवर्षे वाकून त्यात बारीक तडे गेलेले असू शकतात. कानस घेतलीत तर दाते आधी पूर्ण घासून काढा. तसेच ठोकलेत तर दात्यांच्या खाचा पात्यात दुमडल्या जातात आणि पुढे तिथूनच तडा जातो. अनोळखी तुकड्याची परीक्षा सोपी आहे. बोटभर पट्टी कापा, चुंबक चिकटणे थांबेल त्याच्या थोडी पुढे तापवा, तेलात विझवा आणि शिकंज्यात धरून, वर जाड कापड टाकून, हातोडीने मोडा. काचेसारखी कट्कन मोडली आणि मोडलेली बाजू मखमली राखाडी दिसली तर ते पोलाद कामाचे. नुसती वाकली तर सोडून द्या. मोडली, पण आतून साखरेसारखे चमकते दाणे दिसले, तर पोलाद चांगले आहे, तुम्ही ते जास्त तापवलेत. चष्म्याशिवाय ही परीक्षा करू नका.

जस्ताचा मुलामा असलेली कोणतीही वस्तू भट्टीत टाकायची नाही. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांत थंडी वाजून ताप भरतो.

प्रश्न: ऐरण मिळत नाही. तोपर्यंत काय वापरावं? हातोडा किती वजनाचा?

ऐरणीचा आकार दुय्यम आहे. ठोका बसतो त्याच्या थेट खाली वजन किती आहे, हे महत्त्वाचे. रेल्वेरुळाचा तुकडा आडवा ठेवला की मधला पातळ भाग झंकारतो आणि ठोक्याची निम्मी ताकद तिथेच जाते. तोच तुकडा उभा गाडला तर वरचा टोकाचा भाग छोटा असला तरी सुरीला पुरतो. पंचवीस-तीस किलोचा कोणताही भरीव पोलादी ठोकळा चालेल. सुरीच्या घडाईत एका वेळी तळहाताएवढी जागाही लागत नाही. शिंग, भोक वगैरे नसल्याने पहिल्या दहा सुऱ्यांत काही अडत नाही.

उंची मात्र मोजून घ्या. ताठ उभे राहून हात सैल सोडा, मूठ वळा. मुठीची हाडे टेकतील तिथे ऐरणीचा माथा यायला हवा. माथा उंच असेल तर खांदा भरून येतो, खाली असेल तर कंबर धरते आणि हातोडा तिरपा पडून पात्यावर चंद्रकोरीसारखे वण उठतात.

हातोडा १ ते १.२ किलोचा पुरे. नव्या हातोड्याच्या कडा कानशीने गोल करा आणि तोंडाला किंचित फुगवटा द्या. तीक्ष्ण कडेचा एक वण घासून काढायचा म्हणजे अर्धा मिलिमीटर पोलाद घालवायचे.

प्रश्न: लोणारी कोळशाची भट्टी केली आहे. पट्टी एकाएकी फुलबाजीसारखी ठिणग्या उडवू लागली आणि ठोकल्यावर तिचे तुकडे पडले. कोळसा खराब असेल का?

कोळसा ठीक आहे. तुमचे पोलाद जळले. जास्त कार्बनचे पोलाद १२५० अंशांच्या पुढे गेले की त्याच्या कणांच्या कडा वितळू लागतात, हवा आत शिरते आणि कार्बन जळतो. त्याच ठिणग्या. जळलेला भाग कोणत्याही उपायाने परत येत नाही. तो ठिसूळ झालेला असतो, तेवढा कापून टाका आणि उरलेल्यावर काम चालू ठेवा.

असे होण्याची नेहमीची कारणे दोन. पट्टी भात्याच्या नळीच्या अगदी तोंडाशी ठेवली जाते, किंवा भाता सारखा चालू ठेवून माणूस दुसरीकडे बघतो. नळीच्या तोंडाशी हवा ताजी असते आणि तिथे लोखंडावर खपली, म्हणजे जळक्या लोखंडाचा थर, फार चढते. नळीच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटर जळता कोळसा असू द्या आणि पट्टी त्या थराच्या वरच्या अर्ध्यात, आडवी, निखाऱ्यांनी झाकून ठेवा. तिथपर्यंत पोहोचता पोहोचता हवेतला प्राणवायू बराचसा जळून गेलेला असतो. कोळशाचे तुकडे दोन ते चार सेंटिमीटरचे करून घ्या. मोठ्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि पट्टी एका जागी पिवळी, दुसऱ्या जागी काळी दिसते. पातळ टोक सगळ्यांत आधी तापते, म्हणून ते निखाऱ्याच्या मध्यातून पुढे ढकलून बाहेरच्या बाजूला काढा आणि जाड भाग मध्यात आणा. भाता हळू ठेवा. घाईने काही मिनिटे वाचतात आणि टोक जाते.

भट्टी कोळशाची असो की गॅसची, बंद खोलीत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न: रंगावरून तापमान कसं ओळखायचं? प्रत्येकजण वेगळा रंग सांगतो.

सांगणारे वेगवेगळ्या उजेडात उभे असतात, म्हणून. उन्हात जो तुकडा काळपट दिसतो तोच अंधाऱ्या कोपऱ्यात स्पष्ट लाल दिसतो. भट्टी सावलीत ठेवा, रोज त्याच उजेडात काम करा, मग रंग तुमच्या डोळ्यांत बसतील.

ढोबळ हिशेब असा. मंद लाल म्हणजे ७०० च्या आसपास, चेरीसारखा लाल ७५० ते ८००, नारिंगी ९०० ते ९५०, पिवळा १०५० ते ११००. घडाई पिवळ्या-नारिंगीत सुरू करा आणि मंद लाल व्हायच्या आत हात थांबवा. थंड होत चाललेल्या पात्यावर आणखी दोन ठोके मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तेव्हा पोलाद दबत नाही, आतून फाटते. हे तडे त्या वेळी दिसतही नाहीत, तेलात बुडवल्यावर उघडे पडतात. काम जसजसे उरकत येईल आणि पाते पातळ होईल तसा तावही कमी ठेवा. शेवटचे सरळ करण्याचे हलके ठोके चेरी-लाल रंगात पुरतात.

प्रश्न: पट्टी किती लांब कापावी? माझी दोन्ही पाती ठरवल्यापेक्षा तोकडी झाली.

लोखंड ठोकल्याने वाढत किंवा घटत नाही, फक्त जागा बदलते. म्हणून घनफळाचा हिशेब करा. समजा पाते १२० मिलिमीटर लांब, ३५ रुंद, पाठीला ४ आणि धारेकडे २ मिलिमीटर जाड हवे आहे. सरासरी जाडी ३ धरली तर १२.६ घन सेंटिमीटर. मुठीत जाणारी अरुंद शेपूट १०० बाय १५ बाय ४ म्हणजे ६ घन सेंटिमीटर. एकूण १८.६. तुमची पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ५ जाड असेल तर तिच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीत दीड घन सेंटिमीटर पोलाद असते. म्हणजे साडेबारा सेंटिमीटर लागतील. खपली आणि घासकाम यांसाठी वीस टक्के वाढवा, पंधरा सेंटिमीटर झाले. मुठीच्या पूर्ण रुंदीची शेपूट ठेवणार असाल तर हाच आकडा एकोणीसच्या घरात जातो.

एवढा छोटा तुकडा सांडशीत धरून घडवणे शिकाऊ हाताला जड जाते. त्यापेक्षा तीस-चाळीस सेंटिमीटरची पट्टी घ्या, एका टोकाला पाते घडवा आणि शेवटी कापून वेगळे करा. उरलेला भाग हातात धरायला होतो. सांडशी निसटून लाल तुकडा पायावर पडण्याचा धोकाही टळतो.

प्रश्न: टोक काढताना पट्टीच्या तोंडाला माशाच्या तोंडासारखी फट पडते. आणि धारेची बाजू ठोकली की अख्खं पातं वर वाकतं. दोन्हींवर उपाय?

फट पडते कारण ठोके हलके आणि पट्टी पुरेशी तापलेली नसते. वरवरचे पोलाद पुढे सरकते आणि गाभा मागे राहतो. ती फट पुढे दुमडली की आत थंड जोड राहतो. दिसायला सांधल्यासारखा, पण खरा जोड नसलेला. त्यावर उपाय म्हणजे टोकाची सुरुवात चौकोनी कोपऱ्यापासून करायची. पट्टी पिवळी करा, ऐरणीच्या दूरच्या कडेवर उभी धरा आणि एक कोपरा ठोकून आत दाबा. बाजू फुगली की लगेच आडवी करून फुगवटा सपाट करा, मग पुन्हा उभी. दोन-तीन ठोके उभ्यावर, दोन आडव्यावर, असा क्रम ठेवा. फुगवटा वाढू दिलात तर तो दुमडतो. फट पडलीच तर ती ठोकून मिटवत बसू नका, कानशीने किंवा छिन्नीने तेवढा भाग काढून टाका.

कोणता कोपरा आत दाबायचा, याबद्दल एक युक्ती आहे. टोक प्रथम धारेच्या बाजूला घडवा, म्हणजे पट्टीचा पाठीकडचा कोपरा आत दाबा. उतार, म्हणजे धारेकडे पातळ होत जाणारी बाजू, ठोकताना धारेची बाजू लांबते आणि टोक आपोआप वर, पाठीच्या रेषेत येते.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचे कारणही हेच. धारेची बाजू पातळ होते तशी तिची लांबी वाढते, पाठ तेवढीच राहते, मग पाते पाठीकडे वाकणार नाही तर काय करणार. म्हणून उतार काढण्याआधी पाते मुद्दाम धारेच्या बाजूला वाकवून घ्या. १२० मिलिमीटरच्या पात्याला टोकाशी दहा-बारा मिलिमीटर वाक पुरतो. उतार काढत गेलात की ते सरळ होत येते. किती वाकवायचे याचा नेमका आकडा नाही. उतार किती रुंद आणि धार किती पातळ यावर ते ठरते, पण दुसऱ्या-तिसऱ्या पात्याला अंदाज येतो. उरलेला वाक लाकडी ठोकळ्यावर पाते उभे धरून, धारेकडून लाकडी हातोडीने काढा. लोखंडी हातोड्याने धार ठेचली जाते.

उतार दोन्ही बाजूंना सारखा हवा. एका बाजूला आठ ठोके मारले की पाते उलटून दुसऱ्या बाजूला आठ. हे मोजणे कंटाळवाणे आहे, पण एकाच बाजूला ठोकलेले पाते पुढे तेलात हमखास वाकते.

प्रश्न: घडवतानाच धार कागदासारखी पातळ केली तर नंतरचं घासकाम वाचेल ना?

नाही वाचणार. पाते तेलात बुडवण्याआधी धारेची जाडी दीड ते दोन मिलिमीटर राहू द्या. त्याहून पातळ धार भट्टीत आधी तापून जळते, तिचा कार्बन उडतो आणि तेलात ती लाटेसारखी मुरडते. उरलेली जाडी कडक केल्यानंतरच घासायची.

प्रश्न: पातं घडवून झालं की लगेच पाणी दिलं (म्हणजे तापवून, बुडवून कडक केलं) तर काय बिघडतं? नॉर्मलायझिंग (तापवून हवेत थंड करणं) खरंच लागतं का?

लागते. फुकट मिळणारी एवढी सुधारणा या कामात दुसरी नाही. पिवळ्या तावात वारंवार तापवल्याने पोलादाचे कण मोठे झालेले असतात आणि ठोक्यांचे ताण आत अडकलेले असतात. तसेच कडक केले तर पाते वाकेल किंवा ठिसूळ होईल.

तीन वेळा करा. पहिल्यांदा ८७० अंशांपर्यंत, म्हणजे चुंबक सोडतो त्याच्या बरेच पुढे, तापवा आणि हवेत टांगून काळे होऊ द्या. दुसऱ्यांदा थोडे कमी, ८२० पर्यंत. तिसऱ्यांदा चुंबक सोडतो न सोडतो तेवढेच. दर वेळी सावलीत, वाऱ्यापासून दूर, उभे टांगून थंड करा. थंड ऐरणीवर आडवे ठेवलेत तर एक बाजू लवकर थंड होते आणि केलेले पाण्यात जाते. पाते वाकले असेल तर ते सरळ करायची हीच वेळ आहे.

मुठीची भोकेही आताच पाडून घ्या. कडक केल्यावर साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो. शेपूट जिथे पात्याला मिळते तो आतला कोपरा बारीक गोल कानशीने गोलवा. काटकोनी कोपरा म्हणजे तड्याला आयते आमंत्रण.

प्रश्न: पाणी देण्यासाठी कोणतं तेल, किती आणि कसं? पाण्यात बुडवलेलं माझं पहिलं पातं 'टिंग' असा आवाज होऊन फाटलं. जुनं इंजिन ऑइल चालेल का?

तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा पाण्याच्या बादलीकडे हात जात नाही. पाणी १०८४ च्या पातळ पात्याला फार वेगाने थंड करते. आतला भाग अजून फुगत असताना बाहेरचा कडक होऊन बसलेला असतो, मग तो फाटतो. जुन्या इंजिन ऑइलमध्ये जड धातू आणि जळके रसायन असते, त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नाही. त्यासाठी बनवलेले वेगवान क्वेंचिंग ऑइल मिळाले तर सर्वांत चांगले. नाहीतर कॅनोला किंवा तत्सम पातळ खाद्यतेल घ्या.

तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट करा. यात उलटे वाटण्यासारखे काही नाही. कोमट तेल पातळ असते, पात्याभोवतीचा बुडबुड्यांचा थर लवकर फोडते आणि थंड घट्ट तेलापेक्षा जास्त वेगाने उष्णता ओढते. गरम लोखंडाचा एखादा तुकडा तेलात फिरवला की एवढी ऊब येते. छोट्या सुरीला निदान पाच लिटर तेल हवे. दोनशे ग्रॅमचे पाते पाच लिटर तेलाला जेमतेम दहा अंशांनी तापवते, एक लिटरला मात्र पन्नास अंशांनी. भांडे धातूचे, उभे, घट्ट झाकणाचे असावे. तेल पेटले तर झाकण टाका, पाणी कधीही टाकू नका.

आता ताव. १०८४ ला ८१५ अंश हवेत. चुंबक ७७० च्या आसपास सोडतो, म्हणून चुंबकाने खूण मिळते, पण तिथेच थांबायचे नाही, त्याहून एक छटा पुढे जायचे. चुंबक पाते तापत असताना लावा. थंड होताना लोहचुंबकत्व बरेच खाली गेल्यावर परत येते, त्यामुळे बाहेर काढून रेंगाळत तपासले तर फसाल. अंधाऱ्या जागी आणखी एक खूण दिसते. पाते तापत असताना लालीत गडद सावल्या सरकतात, कारण पोलादाची आतली रचना बदलताना ते उष्णता गिळते. सावल्या पूर्ण विरल्या आणि रंग टोकापासून खांद्यापर्यंत (पाते शेपटीला मिळते तिथपर्यंत) एकसारखा झाला की वेळ झाली. टोक पुढे आणि खांदा मागे, असे असेल तर घाई करू नका. पाते बाहेर काढून टोक थोडे थंड होऊ द्या आणि पुन्हा आत घाला.

भट्टीपासून तेल एका पावलावर हवे. १०८४ ला साधारण एका सेकंदात ५४० अंशांच्या खाली जावे लागते. नाहीतर ते कडक न होता मऊच राहते. टोक खाली करून सरळ आत घाला आणि धार-पाठ या दिशेने पुढे-मागे हलवा. आडवे, म्हणजे सपाट बाजूंच्या दिशेने, हलवू नका. एक बाजू आधी थंड होऊन पाते वाकते. आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढा. त्या क्षणी पाते अजून दोनशेच्या वर असते आणि पूर्ण कडक झालेले नसते. जाड हातमोजे घालून ते डोळ्यांसमोर धरा आणि वाकलेले असेल तर हाताने सरळ करा. ही संधी काही सेकंदांचीच असते. पाते हाताला सोसवेल इतके थंड झाले की दाबायचे थांबवा, आता ते मोडेल.

प्रश्न: तेलातून काढल्यावर कानस पात्याला चावते. म्हणजे सगळी मेहनत वाया गेली?

आधी चार-पाच घाव मारून बघा. भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळतो आणि वर पातळ मऊ साल राहते. कानस तिला चावते, मग खाली कडक पोलाद लागले की काचेवर फिरवल्यासारखी घसरते. घसरली तर काम झाले. खोलवर चावतच राहिली तर ताव कमी पडला किंवा तेलापर्यंत पोहोचायला उशीर झाला. एकदा नॉर्मलायझिंग करून पुन्हा प्रयत्न करा. दोन-तीनदा असे करता येते. त्यापुढे कार्बन कमी होत जातो.

प्रश्न: टेम्परिंग घरच्या ओव्हनमध्ये करता येईल? किती वेळ?

येईल, आणि बहुतेकजण तिथेच करतात. टेम्परिंग म्हणजे कडक केलेले पाते हलके तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे. फक्त ओव्हनच्या चकतीवरचा आकडा खरा मानू नका. आत वेगळे थर्मामीटर ठेवा, कारण घरगुती ओव्हन वीस अंश इकडे-तिकडे सहज फिरतो. वाळूचा ट्रे आधी तापवून त्यात पाते पुरले तर हे चढउतार कमी लागतात आणि तापणारी तारही पात्याला थेट भाजत नाही. तेल साबणाने धुऊन घ्या, नाहीतर घर धुराने भरेल.

२०० अंशांवर दोन तास, मग पूर्ण थंड, पुन्हा २०० वर दोन तास. पाते आत असताना उजळ घासलेल्या जागी फिकट गवती रंग येतो. तेलातून काढलेल्या १०८४ ची कठीणता रॉकवेल सी मापाने ६५ च्या जवळ असते. ते काचेइतकेच भरवशाचे, दगडी फरशीवर पडले तर दोन तुकडे. या टेम्परिंगनंतर ती ६० च्या आसपास येते. भाजी-मांसाच्या सुरीला हे बरोबर आहे. घाव घालायच्या मोठ्या कोयत्याला २३० पर्यंत जा.

तेलातून काढल्यावर टेम्परिंग उद्यावर टाकू नका. ताणाखाली असलेले पाते रात्रीत आपोआप फाटल्याची पत्रे दर हंगामात येतात. आणि पाते थोडे वाकलेच असेल तर दुसऱ्या फेरीत ते जाड सरळ पट्टीला शिकंज्याने आवळा. वाक आहे तिथे खाली चकती सरकवा, म्हणजे पाते उलट बाजूला किंचित जास्त दाबले जाईल. त्याच अवस्थेत दोन तास ओव्हनमध्ये ठेवा. अनेकदा सरळ निघते.

प्रश्न: बेल्ट ग्राइंडरवर धार घासताना टोक निळं पडलं. घासून निळा रंग काढला, चालेल का?

रंग गेला, नुकसान राहिले. निळा म्हणजे तो भाग ३०० अंशांपर्यंत गेला आणि मऊ झाला. टोकाचे निळे पडलेले काही मिलिमीटर घासून कापून टाका, किंवा पाते पुन्हा कडक करा. यापुढे कडक केलेले पाते उघड्या बोटांनी धरा, प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवा. चटका लागला की आधीच उशीर झालेला असतो, म्हणून कोमट वाटले की थांबा. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो, तो बदलायला कंजूषी करू नका. जाडेभरडे घासकाम ६० नंबरने, मग १२०, मग २२०. चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क. कापडी फडके तोंडाला बांधून भागत नाही.

प्रश्न: मुठीच्या लाकडी पट्ट्या दोन-तीन महिन्यांत सुटतात. इपॉक्सी चांगल्या प्रतीचा आहे.

बहुधा शिकंजा फार आवळत असाल. सगळा इपॉक्सी पिळून बाहेर जातो आणि जोड कोरडा राहतो. हलकेच आवळा, कडेने बारीक रेघ बाहेर आली की पुरे. शेपटीच्या दोन्ही बाजू ८० नंबरच्या कागदाने खरबडीत करा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. नंतर बोट लावू नका. लाकूड पूर्ण वाळलेले हवे, पट्ट्या ८ ते १० मिलिमीटर जाड. आणि नुसत्या इपॉक्सीवर विसंबू नका, ५ मिलिमीटरच्या निदान दोन आरपार खिळ्या हव्यातच. चोवीस तास हात लावायचा नाही.

प्रश्न: पहिलीच सुरी दमास्कसची केली तर?

नको. आज दमास्कस म्हणून जे करतात ते दोन जातींच्या पोलादाचे थर १२०० अंशांच्या वर तापवून, सुहागा टाकून, ठोकून जोडलेले असते. एकाही जोडात खपली अडकली की पाते आतून उकलते, आणि हे बहुधा धार लावताना कळते. साध्या पोलादाची पाच पाती न वाकता, न फाटता तेलातून निघू लागली की मग हा विचार करा.

प्रश्न: शेवटी धार किती अंशांची लावावी? निसण्यावर कोन कसा राखायचा? आणि टेम्परिंग बरोबर झालं हे कसं ओळखायचं?

निसण्यावर चढवण्याआधी धारेमागची जाडी ०.३ ते ०.५ मिलिमीटरपर्यंत घासून आणा. इथे जाडी राहिली तर कितीही पाजवा, सुरी चिरणार नाही, पाचरीसारखी फाकवेल. स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूला १५ अंश, बाहेरच्या कामाच्या सुरीला २०. कोन डोळ्याने मोजता येत नाही, पाठीची उंची मात्र मोजता येते. ३५ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ निसण्यापासून ९ मिलिमीटर वर धरली की १५ अंश झाले, १२ वर धरली की २०. तेवढ्या जाडीची लाकडाची चकती सुरुवातीला पाठीखाली धरून बघा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीवर बारीक कंगोरा बोटाला लागला की बाजू बदला. मग बारीक दगडावर दोन्हीकडे आळीपाळीने हलके हात मारून कंगोरा काढा.

परीक्षेसाठी ६ मिलिमीटरची पितळी सळई शिकंज्यात आडवी धरा. त्याच कोनात धार तिच्यावर टेकवून इतकी दाबा की धार किंचित मुडपलेली दिसेल, आणि पूर्ण लांबी सरकवा. मुडपून परत सरळ झाली तर टेम्परिंग बरोबर आहे. बारीक टवके उडाले तर पोलाद अजून जास्त कडक आहे, १५ अंश वाढवून, म्हणजे २१५ वर, आणखी एक फेरी द्या आणि धार पुन्हा लावून तपासा. मुडपून तशीच राहिली तर दोन शक्यता आहेत. घासताना धार तापून मऊ झाली असेल तर मिलिमीटरभर मागे घासून पुन्हा परीक्षा घ्या. तरीही मुडपत असेल तर पाते मुळातच कडक झालेले नाही. मग मूठ काढून, नॉर्मलायझिंगपासून सगळे पुन्हा करावे लागते. म्हणून ही परीक्षा मूठ बसवण्याआधी, कच्ची धार लावून घ्या.